गौणवाक्य

दुसऱ्या वर्षाचा हिवाळा, मंगळवार, सकाळी आठचा तास.
डॉक्टर शिमोनियाकबाई फळ्यावर लिहितात : ओमदात.
म्हणजे कारण.
मग खडूनं लांबच लांब रेघ ओढून
तिच्या पार टोकाला क्रियापद बसवतात,
वऱ्हाडात मागे राहिलेल्या आजोबांसारखं.
क्साव्हेरी कुजबुजतो, असं कोण बोलतं?
खिडकीबाहेर ओद्रा नदीचं
गोठायचं की नाही, ठरत नाहीये.

हा विषय का घेतला, ते अर्जात लिहायचं होतं.
मी लिहिलं : चित्रकला. समुद्र हटवून केलेली जमीन.
आई तिथं आहे म्हणून, असं नाही लिहिलं.

आई नऊ वर्षं त्या भाषेत राहते,
नाल्डवेइकजवळ, काचेच्या छताखाली,
टोमॅटोंच्या रांगांत.
तिच्याकडे चाळीसेक शब्द आहेत.
डोस म्हणजे खोकं. स्नेल म्हणजे लवकर.
पाउझे. उद्या पाच वाजता. हे नाही, ते.
तिच्या डचला भूतकाळ नाही,
आणि ‘मी’ फक्त सहीपुरती.

माझ्याकडे चार हजार आहेत, वहीत, हिरव्या शाईनं.
मला सतराव्या शतकातल्या व्यापाऱ्याचं पत्र वाचता येतं :
जायफळाचा भाव, बुडालेलं जहाज, शेवटी बायकोला नमस्कार.
‘ती मुलगी’ नाही, ‘ते मुलगी’, हे मला पाठ आहे,
आणि घराला एक इवलं शेपूट लावलं की त्याचं घरकुल होतं, हेही.
कास या शब्दाचे अर्थ तीन :
काचघर, गल्ला, आणि डोळ्याची खोबण.
तिसरा आईला सांगितला तर हसली.
‘बरोबरच आहे. तिथंच घाम साठतो.’

तिसऱ्या सत्रात अनुवादासाठी खराखुरा कागद आणायचा होता.
मी आईचा करार नेला.
अकरा पानं. प्रत्येक पानाखाली तिची सही, गोलगोल, शाळकरी.
कलम सात, उपकलम तीन :
कर्मचारी आजारी पडल्यास त्या दिवसांचे वेतन देय नसून
पलंगाचे भाडे मात्र वळते करून घेण्यात येईल.
सबंध सत्रात इतकं निर्दोष वाक्य आम्ही वाचलं नव्हतं.
क्रियापद जिथल्या तिथं.
बाईंनी माझा एक स्वल्पविराम दुरुस्त केला,
मग पेन खाली ठेवलं
आणि बराच वेळ त्याचं टोपण शोधत राहिल्या.
ते त्यांच्या हातातच होतं.

रविवारी फोनवर मी ते कलम तिला आपल्या भाषेत वाचून दाखवलं.
पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.
‘माहीत आहे गं. मार्चमध्ये ताप आला होता ना मला.
पैसे मोजायला भाषा कशाला लागते?’
थोड्या वेळानं :
‘ते तुझं नवीन काय होतं, कारणवालं?’
ओमदात.
तिनं दोनदा म्हणून पाहिलं,
तोंडात गरम बटाटा आल्यासारखं.
‘हा मला कधी लागलाच नाही.
तिथं का म्हणून कोण विचारतं!’

तरी आता सराव करते.
कामावर जाताना, सायकलवरून, आवाजात पाठवते निरोप.
आजचा पावणेपाचचा. निम्मा वाराच आहे :
ओमदात मी... नाही, थांब... ओमदात माझी मुलगी
उद्या, व्रोत्सवाफमध्ये, तोंडी परीक्षेला, माझ्यासाठी...

पुढे फाटकाची कर्कश घंटा,
आणि कुणाचं तरी स्नेल, स्नेल.

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.
शेवटी जागा सोडली आहे,
दोन क्रियापदं मावतील एवढी.